राधेचा थोरला: कर्णाच्या नकाराचं प्रकरण

शिष्टाई फसल्यावर कृष्ण हस्तिनापुरातून निघाला तेव्हा त्याने कर्णाला आपल्या रथात बसवून घेतलं आणि नगराबाहेर नेलं. युद्ध आता टळत नव्हतं. त्या रथात त्याने कर्णाला सांगितलं, तू कुंतीचा मुलगा आहेस, पाची पांडवांचा थोरला भाऊ. चल माझ्याबरोबर, राज्याभिषेक तुझाच होईल. कर्णाने नाही म्हटलं. पुढे कुंती स्वतः गंगेकाठी येऊन तेच म्हणाली. तिलाही त्याने नाहीच म्हटलं.

या नकाराचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे मैत्री. दुर्योधनाने मान दिला, कर्ण त्या मिठाला जागला. कीर्तनात हेच, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतही हेच. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि तेही मागून येणारं अर्धं. कर्ण स्वतः कृष्णाला कारणं सांगतो तेव्हा दुर्योधनाचा नंबर नंतर लागतो. आधी राधा येते, त्याला वाढवणारी आई.

म्हणून हे प्रकरण सोडून दिलेल्या मुलाचं म्हणून वाचण्याऐवजी, घर मिळालेल्या मुलाचं म्हणून वाचायचं आहे. आधार आहे तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे जुनी हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठाचा. मालिकांमधला कर्ण आणि कादंबऱ्यांमधला कर्ण थोडा वेळ बाजूला ठेवू. मराठी वाचक कर्णावर जरा जास्तच रडतो, आणि डोळे पाण्याने भरले की मूळ मजकूर नीट दिसत नाही.

टाकलेल्यांचं घराणं

पेटी नदीत सोडणारी कुंती कोण होती, इथून सुरुवात करायला हवी. ती यादवांच्या शूर राजाची मुलगी, पृथा. शूराने ती आपल्या निपुत्रिक नातलगाला, कुंतिभोजाला, देऊन टाकली. हा सल तिच्या मनात किती खोल होता ते उद्योगपर्वात कळतं. शिष्टाईसाठी आलेला कृष्ण तिला भेटायला जातो. कृष्ण म्हणजे त्याच शूराचा नातू. तेरा वर्षं मुलं डोळ्यांआड गेलेली ही बाई त्याच्यापाशी रडताना म्हणते की मी स्वतःला दोष देत नाही, दुर्योधनालाही देत नाही, माझ्या बापाला देते. हातात चेंडू घेऊन खेळत होते मी, आणि कुणी धन देऊन टाकावं तसं त्याने मला देऊन टाकलं. बापाने फसवलं, मग सासरच्यांनी. नातवंडं लग्नाच्या वयाची झाल्यावरही या बाईला तो चेंडू आठवतो.

म्हणजे जी आई पोर सोडते, ती स्वतः सोडलेली पोर आहे. यामुळे तिचा अपराध कमी होतो असं मी म्हणणार नाही. पण दत्तक घरात पाहुण्या ऋषीची वर्षभर मर्जी राखण्याचं काम जिच्यावर सोपवलं गेलं, तिला आपण या घरात कशाच्या बळावर आहोत याची धास्ती असणारच. तिथे लग्नाआधीचं मूल दाखवायचं धाडस ती कुठून आणणार?

आता ती ज्या घरात सून म्हणून गेली ते पाहा. तिची आजेसासू सत्यवती. उपरिचर राजाला जुळं झालं, त्यातला मुलगा त्याने ठेवला आणि माशाचा वास येणारी मुलगी कोळ्याला देऊन टाकली, ती सत्यवती. तिलाही लग्नाआधी मुलगा झाला, तो व्यास. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला आणि वंश बुडायची वेळ आली, तेव्हा तिने भीष्माला हे गुपित सांगितलं आणि व्यासाला बोलावून घेतलं. धृतराष्ट्र आणि पांडू हे त्या व्यासाचे मुलगे. पांडूची मुलं देवांपासून झालेली. ज्या घराण्याच्या रक्तासाठी अठरा अक्षौहिणी सैन्य उभं राहिलं, त्या घराण्यात शंतनूचं रक्त एकट्या भीष्मात उरलं होतं, आणि त्याला मूल नव्हतं.

या घराची एक रीत ध्यानात येते. लग्नाआधीचं मूल दडवून ठेवायचं आणि गरज पडली की आठवायचं. वंशाला बीज हवं होतं तेव्हा व्यास आठवला, युद्ध दारात आलं तेव्हा कर्ण. फरक इतकाच की व्यास बोलावल्यावर आला.

कोणाला कधीपासून माहीत होतं

प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

वनपर्वात पेटीची हकीकत येते. मेण लावून बंद केलेली पेटी कुंतीने दाईच्या मदतीने अश्वनदीत सोडली. तिथून ती चर्मण्वतीत, म्हणजे चंबळेत, मग यमुनेत, मग गंगेत आणि शेवटी अंगदेशातल्या चंपेला पोचली. चंपा म्हणजे आजच्या बिहारमधल्या भागलपूरजवळचा परिसर. पेटी सोडताना कुंती रडत म्हणते, धन्य ती बाई, जी तुला आपला मुलगा मानेल. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढे वनपर्व आणखी एक गोष्ट सांगतं, ती मात्र सांगितली जात नाही. मुलगा अंगदेशात सूताच्या, म्हणजे सारथ्याच्या, घरी वाढतोय हे कुंतीला हेरांकडून कळलेलं होतं.

म्हणजे मूल हरवलेलं नव्हतं. पत्ता माहीत होता. हस्तिनापुरात शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात कर्ण उतरला तेव्हा कवचकुंडलांवरून तिने त्याला ओळखलं आणि ती बेशुद्ध पडली; विदुराने चंदनाचं पाणी शिंपडून तिला शुद्धीवर आणलं. शुद्धीवर आल्यावरही ती गप्प राहिली. भीष्मालाही माहीत होतं. शरपंजरी पडल्यावर तो कर्णाला सांगतो की तू राधेचा नव्हेस, कुंतीचा. मला नारदाकडून कळलं होतं. आणि हाच भीष्म भर सभेत कर्णाचा पाणउतारा करत आला होता.

तीन माणसं तीन वेळा कर्णाला एकच गोष्ट सांगतात: कृष्ण, कुंती, भीष्म. तिघांच्याही बोलण्याला युद्धाची पार्श्वभूमी आहे. युद्ध नसतं तर कुणी सांगितलं असतं का? मला वाटत नाही.

चंपेतलं घर

अधिरथ हा धृतराष्ट्राचा स्नेही, जातीने सूत. बायको राधा, मूल नव्हतं. दोघं गंगेवर गेले असताना वाहत आलेली पेटी तिला दिसली. अधिरथाने ती उघडली, आत सोन्याचं कवच ल्यालेलं पोर. देवानेच निपुत्रिकाला पुत्र दिला, असं म्हणून त्याने ते तिच्या हातात दिलं. पुढे राधेला स्वतःची मुलंही झाली. औरस मुलं आल्यावर आधी आणलेल्या मुलाची घरातली जागा खाली सरकते, असा जगाचा अनुभव आहे. या घरात तसं झाल्याची एकही खूण महाभारतात नाही. अधिरथाने त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार केले, ब्राह्मणांकडून वसुषेण असं नाव ठेववलं, शिकायला हस्तिनापूरला धाडलं, वयात आल्यावर लग्नं लावून दिली.

या बापाची खरी ओळख होते ती त्या शस्त्रप्रदर्शनाच्या दिवशी. अर्जुनाला आव्हान देणाऱ्या कर्णाला कृपाचार्य कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन उठतो आणि तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. बदल्यात काय देऊ असं कर्ण विचारतो, आणि दुर्योधन म्हणतो, अखंड मैत्री. आपल्या सगळ्या कथा इथे थांबून टाळ्या घेतात.

पण त्यानंतरच्या काही क्षणांत अधिरथ रंगणात येतो. घामाघूम, थरथरत, काठी टेकत, खांद्यावरचं उपरणं घसरलेलं. मुलाचं काहीतरी चाललंय एवढंच त्याला कळलेलं असावं. आता कर्ण राजा आहे, डोक्यावर अभिषेकाचं पाणी अजून ओलं आहे, सगळं हस्तिनापूर बघतंय आणि मगाशीच कुळाचा प्रश्न निघालेला आहे. दुसरा कुणी असता तर नजर चुकवली असती. कर्ण धनुष्य टाकतो आणि त्या ओल्या डोक्याने बापाच्या पायांवर वाकतो. अधिरथ गडबडून जातो, आपले पाय पदराच्या टोकाने झाकून घेतो. राजाचं डोकं आपल्या पायाला लागू नये म्हणून! मग ‘मुला’ म्हणून त्याला मिठीत घेतो आणि त्याच्या डोक्यावर रडतो. त्यावर लगेच भीम हसून म्हणतो, तू हातात चाबूक धर.

मुकुट मिळाला तेव्हा कर्णाला किंमत मोजावी लागली नाही. वाकला तेव्हा मोजावी लागली, आणि ती किती असेल हे वाकण्याआधीच त्याला दिसत होतं.

रथातलं बोलणं

कृष्ण रक्ताचा मुद्दा मांडतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो कायद्याचा मुद्दा मांडतो. लग्नाआधी कन्येला झालेला मुलगा तिच्याशी लग्न करणाऱ्याचा मानला जातो, असं शास्त्र जाणणारे म्हणतात; म्हणून तू धर्माने पांडूचा मुलगा. सूर्याचा नव्हे, पांडूचा. आपला आजचा कायदा याच्या नेमका उलट्या दिशेने जातो. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे दत्तक आदेशाच्या तारखेपासून मूल सगळ्या अर्थांनी दत्तक आईबापाचं होतं आणि जन्मघराशी असलेले संबंध तुटल्याचं मानलं जातं. कृष्णाच्या युक्तिवादात अधिरथाला जागाच नाही. गंमत म्हणजे हा युक्तिवाद करणारा स्वतः नंद-यशोदेच्या घरी वाढला आणि वेळ आली तेव्हा मथुरेला निघून गेला. ज्या वाटेने तो स्वतः गेला तीच वाट तो कर्णाला दाखवतोय.

आणि देऊ केलेलं काय? युधिष्ठिर युवराज होऊन मागे पांढरा पंखा धरेल, भीम छत्र धरेल, अर्जुन रथ हाकेल. ज्या कामावरून आयुष्यभर हिणवलं, तेच काम अर्जुनाला सांगायचं. सहाव्या पाळीला द्रौपदीही येईल, हेही कृष्ण म्हणतो. ते वाचताना आजही संकोच होतो. द्रौपदीला कुणी विचारलेलं नाही.

कर्णाचं उत्तर मला अख्ख्या महाभारतातल्या सगळ्यात सरळ बोलण्यांपैकी एक वाटतं. तो म्हणतो, मला हे सगळं ठाऊक आहे. धर्माने मी पांडूचा मुलगा, हेही मान्य. पण कुंतीने मला असं टाकलं की त्यात माझं भलं नव्हतं. अधिरथाने मला बघताक्षणी घरी नेलं, राधेच्या हातात दिलं. माझ्या मायेने तिला त्याच वेळी पान्हा फुटला. आणि मग ती ओळ: ‘सा मे मूत्रं पुरीषं च प्रतिजग्राह माधव’. तिने माझं गू-मूत काढलं, कृष्णा. तिचा पिंड माझ्यासारख्याने कसा बुडवावा?

राजा होऊ घातलेल्या माणसाने, देव मानल्या गेलेल्या माणसासमोर, सिंहासन नाकारताना दिलेला हा दाखला आहे. त्यात तत्त्वज्ञान नाही. मूल वाढवलेल्या कुठल्याही बाईला कळेल असा हिशेब आहे. पुढे तो सांगतो की अधिरथ मला मुलगा मानतो आणि मी त्याला बाप. त्याने करून दिलेल्या बायका, त्यांच्यापासून झालेली मुलं, नातवंडं, यांच्यात माझा जीव गुंतला आहे. अख्खी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे खोटं ठरवता येणार नाही.

हे सगळं बोलून झाल्यावर दुर्योधन येतो. त्याच्या आश्रयाने तेरा वर्षं राज्य भोगलं, माझ्या भरवशावर त्याने युद्ध मांडलं, अर्जुनाशी द्वंद्व टाळलं तर दोघांचीही अपकीर्ती. ही कारणंही खरी आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. पहिल्या भागात माया आहे, दुसऱ्यात देणं आहे. कर्ण दोन्ही एकाच दमात सांगतो आणि ऐकणाऱ्यांनी शतकानुशतकं दुसरंच लक्षात ठेवलं.

इथे कर्णाची बाजू सोडून बोलायला हवं. चंपेच्या घराने त्याला सगळं दिलं. कुळाच्या प्रश्नाला चालणारं उत्तर तेवढं त्या घराजवळ नव्हतं. ते दुर्योधनाने दिलं आणि त्याची वसुली आयुष्यभर चालली. द्यूतसभेत एकवस्त्रा द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्या असं दुःशासनाला सांगणारा कर्णच होता. याच रथात तो कृष्णाजवळ कबूल करतो की धृतराष्ट्राच्या मुलाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्याचा मला आज ताप होतो आहे. कुणाला बरं वाटावं म्हणून बोलावं लागणं, हे दुसऱ्या घरातल्या जागेचं भाडं होतं. राधेच्या घरी त्याने असं काही बोलावं अशी कुणाची अपेक्षा असल्याचं कुठे दिसत नाही. रक्ताबाहेरचं प्रत्येक घर आपोआप चांगलं असतं, अशी जी एक गोड समजूत हल्लीच्या कथांमधून पसरते, तिला हे प्रकरण साथ देत नाही.

शेवटी तो कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळलं तर तो राज्य घेणार नाही, मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. भावाचा स्वभाव इतका नेमका ओळखणारा माणूस भाऊ नाकारतो आहे.

गंगेकाठी

कुंतीची भेट थोडक्यात. कर्ण सूर्यासमोर हात वर करून जप करत उभा. ती मागे, उन्हाने सुकलेल्या कमळमाळेसारखी, त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत थांबलेली. पाठ तापल्यावर तो वळतो आणि राधा-अधिरथाचा मुलगा कर्ण म्हणून नमस्कार करतो. ती म्हणते, तू राधेचा नव्हेस. सूर्यही आकाशातून दुजोरा देतो. जन्म देणारे दोघं एकाच वेळी समोर, आणि कर्ण हलत नाही. तो म्हणतो, आईसारखं माझ्या हिताचं तू आधी कधी काही केलं नाहीस, आज आलीस ती स्वतःच्या हितासाठी.

आणि तरी रिकाम्या हाताने पाठवत नाही. अर्जुन सोडून चौघांना मारणार नाही असं वचन देतो. अर्जुन गेला तर मी, मी गेलो तर अर्जुन, तुझे पाच राहतील. हे औदार्य म्हणून वाखाणलं जातं. मला त्यात हिशेब चुकता करण्याची घाईही दिसते. जन्माचं देणं एकदाच काय ते फेडून टाकायचं आणि मोकळं व्हायचं.

नंतर

सतराव्या दिवशी अर्जुनाने त्याला मारलं. युद्धानंतर गंगेवर तर्पण चालू असताना कुंतीने मुलांना सांगितलं, त्यालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळला. त्याने कर्णाच्या बायकांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासह त्याचं उत्तरकार्य केलं. जिवंतपणी नाकारलेलं नातं मेल्यावर विचारल्याशिवाय लागलं. पुढे शांतिपर्वात युधिष्ठिर रागाने सगळ्या स्त्रीजातीला शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. भीष्माच्या पोटात तेच गुपित किती वर्षं राहिलं होतं, त्याबद्दल शाप नाही.

आणि राधा? तिचा पिंड बुडू नये म्हणून सिंहासन नाकारलं गेलं, पण तिचं पुढे काय झालं हे महाभारत सांगत नाही. कर्ण गेला. त्याचा मुलगा वृषसेन त्याच दिवशी, त्याच्या आधी, अर्जुनाच्या हातून गेला. चक्रव्यूहाच्या दिवशी अभिमन्यूने कर्णाच्या एका धाकट्या भावाचं डोकं उडवलं होतं. महाभारतात त्याची ओळख कर्णाचा भाऊ एवढीच आहे, पण तो राधेचा मुलगा. तिने आणलेल्या पोरामागे तिची स्वतःची पोरं दुर्योधनाच्या युद्धात उतरली होती.

मराठीत या घराकडे थोडं लक्ष गेलं ते १९६७ साली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये बोलणारी माणसं सहा आहेत आणि त्यांत राधेचा मुलगा शोण आहे, कर्णाची बायको वृषालीही आहे. कुंतीलाही स्वतःचा भाग आहे. राधेला नाही. कादंबरीकाराला दोष देत नाही. त्याने शोणाला बोलकं केलं हेच पुष्कळ. पण पुढे कुणी कर्णावर लिहायला बसलं, आणि बसणारच, तर सामग्री पडून आहे: पेटी तिला आधी दिसली, तिच्या नंतरच्या मुलांनी या थोरल्याला थोरलाच मानलं, हस्तिनापूरच्या रंगणात नवरा गेला तेव्हा ती कुठे होती ते कळत नाही, आणि कुंतीने नदीकाठी जिला धन्य म्हटलं ती बाई हीच, हे तिला कधी कळलं की नाही ते कुठेच लिहिलेलं नाही.